दोनशे अकरा चिजांचं गाव

"सात!" म्हणून धुळाप्पानं पान डाव्या गालातनं उजव्या गालात सरकवलं. "निस्त्या सात चिजा ठिवतो, तात्या. बाकी समदं गाव टोपल्यात. तरीबी पानी हाय तिथंच यिऊन थांबलं न्हाय, तर माझं नाव बदला."

"नाव बदलून काय व्हायचं? जीभ तर तीच राहणार." तात्या अंगणात उकिडवे बसले होते, मान वर न करता बोलले. त्यांच्या दोन बोटांत हरभऱ्याएवढी मातीची कोंबडी होती. "शर्त लावायची तर जिभेवर लाव."

ओट्यावर पाय लांब करून बसलेले हिंमतराव पाटील एकदम सरळ झाले. दुसऱ्याच्या भांडणात पंच व्हायचं म्हटलं की पाटलांच्या अंगात तरतरी यायची.

"ऐका मंग," ते म्हणाले. "जो हरंल त्यानं सास्तूरच्या बाजारात टोपलं घिऊन बसायचं. टोपल्यात तात्याचं हे गाव. 'गाव घ्या गाव' म्हनून वरडायचं. ज्याचं घर त्यानं उचलायचं, अन् पैशाच्या बदली एक टोमना मारायचा. बसनाऱ्यानं उलटून एक सबूद बोलायचा न्हाय. कबूल?"

भिंतीपलीकडनं शेजारची म्हातारी सिद्धम्मा खुदकन हसली. "धुळ्या उलटून न बोलता बसला तर पोट फुगंल त्याचं."

पण शर्त दोघांनाही सारखीच झोंबणारी होती. तात्यांना टोमणा सोसत नव्हता अन् धुळाप्पाला गप बसणं. दोघंही म्हणाले, "कबूल!"

तर तात्यांच्या अंगणात गाव होतं. खरं गाव बाहेर ऊन खात पडलेलं, अन् त्याचंच तान्हं लेकरू असावं तसं हे धाकटं गाव निंबाच्या सावलीत निजलेलं. दोन बाजा मावतील एवढा चुन्यानं लिंपलेला चौथरा, त्याला खऱ्या जमिनीचा उतार. पन्नास पावलांचा एक हात केलेला, म्हणजे दोन पावलांचं एक बोट. घरं, गोठे, आड, मारुतीचं देऊळ, देवळाची मोहरीएवढी घंटा. सिद्धम्माच्या दारातलं जातं. अन् आपल्या दुकानापुढं पाय पसरून, तोंड उघडं टाकून बसलेला खुद्द धुळाप्पा, बोटाच्या पेराएवढा.

"तोंड कशापायी उघडं ठिवलं, तात्या?" त्यानं पहिल्या दिवशीच विचारलं होतं.

"मिटलेलं मी कधी पाहिलं नाही."

तात्या म्हणजे वसंतराव. निजामाच्या अमलात हैदराबादेत पाटबंधारे खात्यात नकाशे उतरवायचे. तिथं साहेबलोकांनी एका नदीची चुन्यात नक्कल करून तिच्यात पाणी सोडलं होतं, ते तात्यांनी दाराच्या फटीतनं बघितलं. वीस वर्षं ते त्यांच्या डोळ्यांतनं हललं नव्हतं. रझाकारी संपली, मुलूख हिंदुस्थानात आला, पुढं महाराष्ट्रही झाला, अन् तात्या पेन्शन घेऊन सास्तूरच्या अलीकडच्या या वाडीला परत आले. त्या फटीतली नदी मात्र त्यांच्यासंगं आली.

अन् तिला कामही मिळालं. त्या साली उन्हाळ्यात वाडीच्या वरच्या अंगाला ओढ्यावर मातीचा नवा बंधारा झाला. हस्ताच्या पावसात तो भरणार, जास्तीचं पाणी सांडव्यावरनं पडणार, अन् सांडव्याचं तोंड गावाकडं. पडलेलं पाणी कुठवर येणार? कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या कुणाला फिकीर असो नसो, सिद्धम्माला होती. गावाच्या खालच्या अंगाला खळ्याशेजारी तिचं पेव होतं. दोन पुरुष खोल खड्डा, आतनं कडब्याचं अस्तर, वर दगड ठेवून चिखलानं लिंपलेलं तोंड. त्या अंधारात अकरा माणसांच्या वर्षभराच्या भाकऱ्या ज्वारी होऊन झोपल्या होत्या. पेव एकदा फोडलं की आत वारा शिरतो, दाण्याला किडा लागतो, वर्षाचं धान्य दोन महिन्यांतच खपवावं लागतं. न फोडता ठेवलं अन् पाणी आलं, तर ज्वारी काळी पडते, ढोरंही हुंगत नाहीत. फोडायचं का न्हाय? हस्त लागायच्या आत म्हातारीला ठरवायचं होतं. पोळा तर होऊन गेला होता.

तात्यांनी तीन वेळा पाणी सोडून बघितलं. धाकट्या बंधाऱ्याच्या मागं एक तांब्या ओतायचा, म्हणजे एका जोराच्या दिवसाचा पाऊस. पहिल्या खेपेला पाणी पेवापासनं लांब थांबलं. दुसरीला जवळ आलं. तिसरीला पार पेवावरनं गेलं. दर खेपेला मातीची घरं विरघळायची, कोंबड्या वाहून जायच्या, अन् तात्या चार-चार दिवस बसून गाव परत मांडायचे.

"तात्या, पानी खोटं बोलत न्हाय," धुळाप्पा म्हणाला होता. "तुमचं गावच दर खेपंला येगळं व्हतं. बोळ कवा रुंद, कवा अरुंद. कोंबडीचे पाय करन्यात तुमचा जीव, अन् पानी जातंय बोळातनं. लई झालंय गाव. कमी करा."

"किती कमी?"

तिथनंच ती सात निघाली.

शर्त लागल्यावर तात्यांनी एकएक बोळ ज्वारीच्या काडीनं मोजला, काड्या तोडून जपून ठेवल्या, अन् शेवटचं म्हणून एक खरंखुरं गाव मांडलं. दोनशे अकरा चिजा. तांब्या ओतला. पाणी पेवाच्या अलीकडं सहा बोटांवर थांबलं. तिथं तात्यांनी ज्वारीच्या दाण्यांची ओळ मांडली.

"ही खूण," ते म्हणाले. "आता काढ काय काढायचं ते. एकेक चीज काढायची अन् दर खेपेला पाणी सोडायचं. ओळ हलली की चीज परत जागेवर."

मग पाणी सोडायच्या दुपारी सुरू झाल्या. रानातली माणसं रानात, वाडी रिकामी, निंबाच्या कवडशांत धाकटं गाव हलल्यासारखं दिसायचं. धुळाप्पा दुकानाला फळी लावून यायचा, एखादी चीज दोन बोटांत उचलायचा अन् तिच्या कानात विचारल्यासारखं पुटपुटायचा, "का गं, पानी तुला वळखतं का?"

कोंबड्यांना पाणी ओळखत नव्हतं. घंटेला नव्हतं. जात्याला नव्हतं. दुकानापुढच्या धुळाप्पालाही नव्हतं. तो तर त्यानं सगळ्यांत आधी टोपल्यात टाकला.

"स्वतःलाच?" तात्या म्हणाले.

"मला पानी कशाला वळखंल? म्या काय आंघूळ करतो व्हय रोज?"

देवळावर मात्र दोघं अडले. देऊळ उचललं तसं पाणी सरळ चालत आलं अन् ओळ ओलांडून गेलं. धुळाप्पानं डोकं खाजवलं. मग नुसता चौथरा परत ठेवला. पाणी चौथऱ्याला वळसा घालून गुमान ओळीवर येऊन थांबलं.

"म्हंजे पान्याला देव ठाव न्हाय," तो म्हणाला. "निस्ता चौथरा ठाव हाय."

"बोलू नये असं," तात्या म्हणाले, पण त्यांचे डोळे त्या पाण्यावर होते अन् तोंडावर लहान लेकराचं हसू होतं.

वरल्या आळीत अकरा घरं एकाला एक चिकटलेली, मधनं पाणी जायला फट नाही. तिथं धुळाप्पानं एक वीट ठेवली. अकरा घरांची एक वीट! ओळ हलली नाही. खालच्या आळीची दुसरी वीट. तीही पाण्याला पटली. मातीची घरं गेली तसं विरघळायचं काही उरलं नाही, अन् चार दिवसांत एकदा सुटणारं पाणी एका दुपारी आठ-आठ वेळा सुटायला लागलं. रोज गाव हलकं होत होतं. टोपल्यातलं गाव भरत चाललं अन् चौथऱ्यावर ऊन वाढत चाललं.

शेवटी नऊ उरल्या. बंधारा, सांडवा, ओढा, देवळाचा चौथरा, दोन विटा, सिद्धम्माचं पेव. अन् या सातांशिवाय आणखी दोन, ज्या हटत नव्हत्या: गाड्यांच्या चाकांनी खोल गेलेली जुनी गाडीवाट, अन् तिच्या तोंडाशी हिंमतराव पाटलांचा उकिरडा.

गाडीवाट मातीनं बुजवली की पाणी पेवाकडं तीन बोटं पुढं यायचं, कारण वाट पाणी ओढून ओढ्यात न्यायची. उकिरडा काढला की पाणी तीन बोटं मागं सरायचं, कारण उकिरडा पाणी थोपवून धरायचा. तात्या दोन्ही वेळा काडीनं मोजायचे अन् म्हणायचे, "नऊ! हरलास."

धुळाप्पा रात्री जेवताना गप होता. बायको रुद्रम्मानं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

दुसऱ्या दिवशी तात्या जेवायला आत गेले, तेवढ्यात त्यानं वाट बुजवली अन् उकिरडाही उचलला. दोन्ही एकदमच. तांब्या ओतला. पाणी आलं, देवळाच्या चौथऱ्याला वळलं, विटांमधनं सरकलं अन् ज्वारीच्या ओळीवर, अगदी ओळीवर, येऊन चमकत थांबलं.

"पाटील!" धुळाप्पानं अशी आरोळी ठोकली की निंबावरचे कावळे उडाले. "मोजा! सात!"

पाटलांनी मोजल्या. तात्यांनी दहा वेळा पाणी सोडलं. दहाही वेळा पाणी ओळीवर. एकएक काढायची ठरली होती, दोन एकदम का, असं तात्या पुटपुटले, पण पंच म्हणाले, "शर्तीत सात म्हनलं होतं. सात हायती. तात्या, टोपलं घासून ठिवा."

सिद्धम्मा भिंतीवरनं सगळं बघत होती. दहा वेळा तेच म्हटल्यावर तिचाही जीव थंड झाला. "न्हाय फोडत मंग पेव," ती म्हणाली, अन् त्याच दिवशी पेवाच्या तोंडावर नव्या चिखलाचा हात फिरवून आली. "धुळ्या, तुझ्या जिभंला हाड न्हाय, पर डोस्कं हाय बाबा."

दोन दिवस धुळाप्पा जमिनीवरनं चाललाच नाही. गिऱ्हाइकाला गूळ जोखताना म्हणायचा, "घ्या, सात खडं. लई कशाला?"

तिसऱ्या दुपारी दुकानातल्या पोत्यावर त्याचा डोळा लागला. बघतो तर तो पेराएवढा झालेला अन् त्या सात चिजांच्या गावात उभा. दारं नाहीत, माणसं नाहीत, पायाखाली नुसता चुना, पांढरा अन् ऊबदार. वरनं कवडसे पडत होते, एकएक कवडसा खळ्याएवढा. चालताना आवाजसुद्धा होत नव्हता. इतकं हलकं वाटत होतं की धुळाप्पाला गाणं म्हणावंसं वाटलं.

तेवढ्यात बंधाऱ्याकडनं पाणी आलं. पावण्यासारखं आलं, हळू, पायातल्या वहाणा हातात घेऊन. त्याच्यापुढं थांबलं.

"धुळाप्पा," ते म्हणालं, "हितं एक वाट व्हती. खोल व्हती. मागच्या खेपंला म्या तिच्यात निजलं व्हतं. कुठं गेली?"

"लागत न्हवती," धुळाप्पा म्हणाला.

"मागच्या खेपंला म्या एकटं व्हतं. आज माझा भाऊबी आलाय मागनं. बसावं कुठं आमी?"

धुळाप्पा बोट दाखवायला गेला, तर गावात बोट दाखवायला काही उरलंच नव्हतं. पाण्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, अन् मग त्याला लांब पेवाचं तोंड दिसलं. आतनं ज्वारीचा ऊनऊन वास येत होता. पाणी हसलं अन् वहाणा हातात घेऊन तिकडं चालायला लागलं.

तो दचकून उठला. पान गिळलं गेलं होतं.

तात्यांच्या अंगणात कुणी नव्हतं. त्यानं दोन तांबे भरून घेतले अन् बंधाऱ्याच्या मागं एकदमच ओतले. सात चिजांच्या गावात पाणी पसरलं, ओढ्यात उतरलं, अन् पेवाच्या अलीकडं थांबलं. हुश्श! मग त्यानं बोटानं गाडीवाट परत उकरली, उकिरडा जागेवर ठेवला अन् पुन्हा दोन तांबे ओतले.

गाडीवाट भरली. जेवढं प्यायचं तेवढं प्याली अन् तोंडोतोंड होऊन बसली. उकिरडा मात्र थोपवतच राहिला, त्याला कुठं पोट होतं? पाणी फुगलं, वळलं, दाण्यांची ओळ वाहून नेत सरळ पेवाच्या झाकणावर चढलं, अन् त्या रुपयाएवढ्या झाकणावर ऊन चकाकायला लागलं.

धुळाप्पा बघत उभा राहिला. एका तांब्याला वाट जेवढं ओढत होती तेवढंच उकिरडा थोपवत होता. म्हणून दोघं एकदम उचलली तर पाण्याला कळलं नाही. दुसऱ्या तांब्याला ते जुळत नव्हतं. अन् हस्ताचा पाऊस काय एक तांब्या मोजून पडणार होता?

अंगणात कुणीच नव्हतं. धोतराच्या सोग्यानं चौथरा पुसला असता तर निंबालाही कळलं नसतं. येत्या बाजारी तात्या टोपलं घेऊन बसले असते, अन् धुळाप्पानं त्यांच्यासाठी बारा टोमणे आधीच घोळून ठेवले होते. त्यातले दोन तर फारच झकास होते. ते वाया जाणार म्हणून त्याला खरंच वाईट वाटलं.

मग त्यानं भिंतीवरनं हाक मारली. "अक्का! ओ सिद्धम्माक्का! इकडं या. तात्यालाबी उठवा. माझं चुकलं."

"काय?" सिद्धम्मा पलीकडनं म्हणाली. "परत म्हन. आयकू आलं न्हाय."

"आलंय तुमाला आयकू!"

तात्या आले. त्यांनी पेवावरचं पाणी बघितलं, मग धुळाप्पाकडं बघितलं. रागावले नाहीत. म्हणाले, "दोन चुका एकमेकींच्या पदराआड लपल्या होत्या. मीही एकाच तांब्यानं पारखत बसलो. थांब."

त्यांनी जपून ठेवलेल्या काड्या काढल्या अन् तीन दिवस खपून सगळं गाव, कोंबड्यांसकट, शेवटचं एकदा मांडलं. दोन तांब्यांना पाणी कुठं येतं ते बघितलं, घरं सावरून तीन तांब्यांनाही बघितलं. मग परत नऊ चिजा ठेवून तेच केलं. नऊ चिजांचं गाव दोनशे अकरांच्या गावासारखंच बोललं, अर्ध्या बोटाचा फरक.

"नऊ," पाटील म्हणाले. "पंचाचा निकाल फिरला. धुळाप्पा हारला."

"ते हारलं खड्ड्यात," सिद्धम्मा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "पेवाचं बोला. फोडू का? हस्ताला आठ दिस राह्यले. अकरा तोंडं हायती माझ्या घरात."

"एक दुपार द्या अक्का," धुळाप्पा म्हणाला.

त्या एका दुपारी नऊ चिजांच्या गावात एकोणीस वेळा पाणी सुटलं. दोनशे अकरा असत्या तर एकोणीस वेळांना अडीच महिने लागले असते. ओढ्याचा काठ उंच करून बघितला, वीट सरकवून बघितली. मग धुळाप्पानं वाट तशीच ठेवून नुसता उकिरडा उचलला. दोन तांबे. पाणी वाटेत शिरलं, ओढ्याला मिळालं, अन् उरलेलं पेवाच्या अलीकडं चार बोटांवर येऊन निवांत थांबलं. तीन तांबे ओतले, तरी एक बोट राखून.

सगळ्यांच्या माना हिंमतरावांकडं वळल्या.

"माझा उकिरडा?" पाटील ओट्यावरनं उठले. "आज्याच्या वक्तापासनं हाय त्यो तिथं!"

"आज्यालाबी उचलून ठिवू, कुठं हाय सांगा," सिद्धम्मा म्हणाली.

"दसऱ्यानंतर रानात टाकनारच व्हता ना, पाटील?" धुळाप्पा म्हणाला. "आधी टाकू. गाड्या आमी भरतो. फुकट. अन् पंचाचाच उकिरडा पान्यानं वळखला, ही काय कमी इज्जत हाय?"

दोन दिवस सगळी आळी खतात गुडघ्याएवढी रुतली. अठरा गाड्या निघाल्या. तात्यांनीही पाटी उचलली. सगळ्यांनी नको म्हटलं तरी ऐकलं नाही.

हस्त लागला अन् दोन दिवस आभाळ फाटल्यासारखं कोसळला. बंधारा भरला. सांडवा पांढरा होऊन बोलायला लागला. पाणी आलं ते देवळाच्या चौथऱ्याला वळलं, दोन आळ्यांमधनं सरकलं, जुन्या गाडीवाटेत शिरलं अन् ओढ्याकडं गेलं. उरलेलं खळ्याकडं पसरलं अन् थांबलं. डोक्यावर पोतं घेऊन सगळी आळी तिथं उभी होती. पाण्याच्या कडेपासनं पेवापर्यंत तात्यांनी पावलं टाकली. आठ. चार बोटांची आठ पावलं.

सिद्धम्मा पुढं झाली. पेवाच्या ओल्या चिखलावर तिनं एकदा हात ठेवला, लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

अन् मग बाजाराचा दिवस आला.

सास्तूरच्या बाजारात, बांगडीवाल्यांच्या अन् मिरचीच्या ढिगांच्या मधोमध, धुळाप्पा टोपलं घेऊन बसला. तोंडात पान नाही, पाटलांनी ते आधीच काढायला लावलं. टोपल्यात चौथऱ्यावरनं उचललेलं बाकीचं सगळं गाव.

"गाव घ्या गाव!"

आधी पाटील आले. त्यांनी आपला मातीचा गोठा उचलला. "काय रे, उकिरडे उचलायचा धंदा बरा चालला व्हता, ह्यो कशाला काढला?" सगळा बाजार हसला. धुळाप्पाचं तोंड उघडलं, मिटलं, अन् त्यातनं निघालं ते एवढंच, "गाव घ्या गाव!"

मग आळी आली, मागनं सगळी वाडी आली. ज्यानं त्यानं आपलं घर शोधलं, तळहातावर ठेवलं, अन् जाताना टोमणा टाकला. तुझ्या तराजूतबी सोळा आण्यांचा शेर सातच आणे भरतोय का रं? आज लई गुणी दिसतोस, मुका झालास व्हय? धुळाप्पाच्या गळ्याशी उत्तरं दाटून आली, डोळ्यांत पाणी आलं. प्रत्येकाला असं झणझणीत काही सुचत होतं की काय सांगावं! उन्हात बाजारभर माणसं चालली होती अन् प्रत्येकाच्या तळहातावर एकएक घर होतं. गाव जणू पाखरं होऊन उडून चाललं होतं.

तात्या आले. त्यांनी कोंबडी उचलली. टोमणा त्यांना जमत नव्हता, उभे राहिले, विचार केला, शेवटी म्हणाले, "पुढच्या साली खालच्या ओढ्यावर बंधारा होतोय म्हणतात. येशील ना?"

"ह्यो टोमना न्हाय!" पाटील ओरडले.

धुळाप्पा जोरात मान हलवून म्हणाला, "गाव घ्या गाव!"

सिद्धम्मानं आपलं जातं उचललं. दुसऱ्या हातातली फडक्यात बांधलेली ऊन भाकरी तिनं टोपल्याच्या कडेला ठेवली. "खा. एरवी माझं डोस्कं खातोस, आज हे खा."

संध्याकाळची उन्हं तिरपी झाली तेव्हा टोपल्यात एकच चीज उरली होती. पेराएवढा, पाय पसरलेला, तोंड उघडं टाकलेला धुळाप्पा. तो कुणीच उचलला नव्हता.

रुद्रम्मा पिशवी घेऊन आली. माणसं पुढं सरकली. तिनं तो पेराएवढा नवरा उचलला, उलटापालटा करून बघितला, पदरानं त्याच्यावरची धूळ पुसली.

"ह्यो माझा," ती म्हणाली. "पान्यालासुदिक नगं झालेला. फुकट मिळतोय म्हनून नेते."

सगळा बाजार ओणवा होऊन हसत होता. धुळाप्पा उठून उभा राहिला. त्याचा ऊर भरला, मान ताठ झाली, बावीस वर्षांच्या संसारातलं सगळ्यांत झकास उत्तर त्याच्या जिभेच्या टोकावर येऊन नाचायला लागलं. त्यानं पाटलांकडं बघितलं. पाटलांनी बोट वर केलं.

धुळाप्पानं रिकामं टोपलं डोक्यावर पालथं घातलं अन् होता नव्हता तेवढा दम लावून ओरडला,

"गाव घ्या, गाऽऽव!"